बेळगावात राहून बायोस्टॅटिस्टिक्स: मागणी किती, पगार किती, जायचं की थांबायचं

प्रश्न असा आहे: "मी खानापूर तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पदवी बेळगावात, आता धारवाडला एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्सचं शेवटचं वर्ष. बायोस्टॅटिस्टिक्सला फार मागणी आहे असं सगळे म्हणतात, पण बेळगावात तशी जाहिरात कधी दिसत नाही. पगार नक्की किती मिळतो? पुण्याला नाहीतर बेंगळुरूला जावंच लागेल का? घरचे म्हणतात, इथंच काहीतरी बघ. आणि पीएच.डी. करावी का?"

थोडक्यात उत्तर हवं असेल तर ते असं. बायोस्टॅटिस्टिक्सला, म्हणजे वैद्यकीय संशोधनात लागणाऱ्या सांख्यिकीला, मागणी खरी आहे. बेळगावातही आहे, फक्त वेगळ्या नावाने येते, म्हणून तुम्हाला दिसत नाही. पहिली दोन वर्षं इथं काय नि बाहेर काय, हातात पडणारा पैसा जवळपास सारखाच. फरक तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून पडायला लागतो आणि मग भराभर वाढतो. पण त्या पहिल्या दोन वर्षांत इथं जे शिकायला मिळतं ते कंपनीच्या काचेच्या इमारतीत बसून मिळत नाही. म्हणून माझा कल "आधी इथं, मग बाहेर" असा आहे.

बेळगाव म्हटलं की लोकांना कुंदा, मराठा रेजिमेंट आणि सीमाप्रश्न आठवतो. बाळंतपणावर संशोधन करणाऱ्यांना मात्र जगात कुठेही हे गाव ठाऊक असतं. ऑक्टोबर २००६ मध्ये 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत, घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या १,६२० बायका त्यात होत्या. निम्म्यांना एएनएम सिस्टरनी मिसोप्रोस्टॉलच्या ६०० मायक्रोग्रॅम गोळ्या दिल्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. म्हणजे दर अठरा बायकांना औषध दिलं की एकीचा अतिरक्तस्राव टळतो. फ्रीजमध्ये ठेवावी न लागणारी, सुई न लागणारी गोळी. पुढे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ह्या कारणासाठी ती अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली.

तो अभ्यास केलेल्या बेळगावच्याच जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या संशोधन केंद्राचं काम तिथं थांबलं नाही. अमेरिकेची सरकारी आरोग्य-संशोधन संस्था एनआयएच, तिच्या पैशावर चालणाऱ्या, माता-बालकांच्या आरोग्यावरच्या 'ग्लोबल नेटवर्क'मध्ये बेळगाव आणि नागपूर ही भारतातली दोन केंद्रं. गरोदरपणात ८१ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिल्याने वेळेआधीची बाळंतपणं १३.१ वरून ११.६ टक्क्यांवर येतात हे २०२० मध्ये छापून आलं, त्या सुमारे बारा हजार बायकांत बेळगावच्या होत्या. कळा सुरू झाल्यावर अ‍ॅझिथ्रोमायसिन ह्या प्रतिजैविकाचा एकच डोस देण्याचा अभ्यास २०२३ मध्ये आला, २९ हजारांवर बायकांचा, त्यातही होत्या. शिवाय नेहरूनगरात आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, राष्ट्रीय पारंपरिक वैद्यक संस्था आहे, बिम्स हे सरकारी मेडिकल कॉलेज आहे, दंत आणि आयुर्वेद महाविद्यालयं आहेत. हद्दीपलीकडे शंभर-एक किलोमीटरवर कोल्हापूरची दोन मेडिकल कॉलेजं आहेत.

मग जाहिरात का दिसत नाही? कारण ह्या मोठ्या अभ्यासांचा डेटा आपल्या खेड्यांतून जमतो, पण ग्लोबल नेटवर्कचं डेटा केंद्र आहे नॉर्थ कॅरोलायनात, आरटीआय इंटरनॅशनल ह्या संस्थेत. नमुना किती घ्यायचा, कुणाला कुठला गट हे कसं ठरवायचं, शेवटचं विश्लेषण कोण करणार, ही जबाबदारी मुख्यतः तिकडे. ऊस इकडचा, गाळप तिकडं. औषध कंपन्यांच्या चाचण्यांचंही तसंच: रुग्ण बेळगावच्या हॉस्पिटलात, डेटाबेस हैदराबादेत नाहीतर बेंगळुरूत. त्यामुळे बेळगावात ज्या जागा निघतात त्या 'डेटा मॅनेजर', 'प्रोजेक्ट टेक्निकल सपोर्ट', 'रिसर्च असिस्टंट', 'स्टडी कोऑर्डिनेटर' ह्या नावांनी. 'बायोस्टॅटिस्टिशियन' हा शब्द शोधत बसलात तर वर्षभर काही सापडायचं नाही.

आता पैशाकडे येऊ. आयसीएमआरने प्रकल्पांवरच्या तात्पुरत्या पदांचं मानधन देशभर एकसारखं ठरवून दिलं आहे, त्यामुळे इथं अंदाज बांधायची गरज नाही. प्रोजेक्ट टेक्निकल सपोर्टच्या तीन पायऱ्या आहेत: १८,०००, २०,००० आणि २८,००० रुपये महिना. त्यावर घरभाडे भत्ता. बेळगाव केंद्र सरकारच्या शहरांच्या यादीत 'वाय' वर्गात मोडतं, म्हणजे २० टक्के. तिसऱ्या पायरीला पदव्युत्तर पदवी असली की अनुभव लागत नाही, तेव्हा एम.एस्सी. झाल्यावर तुम्ही थेट तिथं: २८,००० अधिक ५,६००, म्हणजे ३३,६००. पदवी घेऊन लगेच नोकरीला लागलेल्या तुमच्या वर्गमैत्रिणींना तेवढ्यासाठी तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो.

त्याच्या वर एक पद आहे, ज्याकडे आपल्याकडची मुलं बघतच नाहीत: प्रोजेक्ट रिसर्च सायंटिस्ट-१, वैद्यकेतर. ५६,००० अधिक भत्ता, म्हणजे ६७,२००. अट वाचली की लोक चकित होतात, कारण प्रथम श्रेणीत पदव्युत्तर पदवी एवढीच मूळ अट आहे. "सायंटिस्ट म्हणजे पीएच.डी.च पाहिजे" असं समजून मुली अर्जच करत नाहीत. पीएच.डी. लागते ती द्वितीय श्रेणी असेल तर. अर्थात अशा जागा थोड्या निघतात आणि मुलाखतीला अनुभवी माणसं येतात, तेव्हा पहिल्या झटक्यात मिळेल असं नाही. पण अर्ज करायला काय जातं?

ज्युनियर रिसर्च फेलोला जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आणि दोन वर्षांनी सीनियर झाल्यावर ४२,०००, घरभाडं वेगळं. त्याला नेट किंवा गेट लागते. तुम्ही शेवटच्या वर्षाला आहात, अभ्यासक्रम डोक्यात ताजा आहे, ती परीक्षा आत्ताच देऊन टाका. नोकरीला लागल्यावर 'रविवारी अभ्यास करीन' म्हणणारे पुढे अभ्यास करत नाहीत.

संस्थेने स्वतःच्या पैशावर नेमलेल्या माणसांचं चित्र वेगळं. खासगी हॉस्पिटलात औषध कंपनीच्या चाचण्यांवर काम करणारा नवखा कोऑर्डिनेटर माझ्या पाहण्यात १५ ते २५ हजारांत असतो, आणि वर्षानुवर्षं तिथंच अडकतो. मेडिकल कॉलेजच्या कम्युनिटी मेडिसिन विभागात सांख्यिकीवाल्याचं एक पद असतं. पगार बरा, सुट्ट्या चांगल्या, पण एक माणूस लागला की तो निवृत्त होईपर्यंत जागा हलत नाही. त्या एका खुर्चीवर भरवसा ठेवून घरी बसू नका.

बाहेरचा हिशेब असा. पुणे, बेंगळुरू, हैदराबाद इथल्या क्लिनिकल रिसर्च कंपन्यांत, म्हणजे सीआरओंत, नवख्या स्टॅटिस्टिकल प्रोग्रॅमरला, म्हणजे चाचण्यांच्या डेटाचे तक्ते प्रोग्रॅम लिहून काढणाऱ्याला, साधारण चार ते सहा लाख वर्षाला देतात. साडेचार लाख धरा. त्यातून पीएफचे दोन्ही हिस्से, ग्रॅच्युइटी, व्यवसाय कर वजा केलं की हातात तेहतीस हजारांच्या आसपास येतात. बेंगळुरूत पीजी, जेवण, बस, महिन्यातून एकदा घरी यायचं तिकीट काढलं की निम्मे गेले. इथं ३३,६०० घेऊन खानापूरहून पॅसेंजरने येऊन-जाऊन काम केलंत तर शिल्लक जास्त. त्यात पीएफ बहुतेक वेळा नसतो आणि करार वर्षाचा असतो, हे मात्र लक्षात घ्या.

मग चौथं वर्ष येतं. कंपनीतली तुमची मैत्रीण तोवर एकदा नोकरी बदलून नऊ-दहा लाखांवर गेलेली असते, आठ-दहा वर्षांत काम चांगलं असेल तर वीस लाखांच्या पुढे. इथं तुम्ही त्याच पायरीवर, फक्त प्रकल्पाचं नाव बदललेलं. घरच्यांना हे आकडे दाखवा. "इथंच काहीतरी बघ" हा सल्ला दोन वर्षांसाठी चांगला आहे, दहा वर्षांसाठी नाही.

ह्या दोन वर्षांत असं काय मिळतं, ते सांगायला मला थोडी जास्त जागा लागेल, कारण सगळं मर्म इथंच आहे.

गरोदर बाईच्या नोंदीतली सगळ्यात महत्त्वाची तारीख म्हणजे शेवटच्या पाळीची. ३७ आठवड्यांच्या आत बाळंत झाली तर वेळेआधी, नाहीतर पूर्ण दिवसांची. आता खेड्यात जाऊन विचारा. "बेंदराच्या आधी आली होती." "म्हाळात." "सौंदत्तीच्या भरत पौर्णिमेला गेलो होतो, तिथनं आल्यावर." फील्डवरची बाई कॅलेंडर उलटून त्याची तारीख करते, आणि दोन आठवडे इकडे-तिकडे झाले की ३८ आठवड्यांचं बाळ ३६ आठवड्यांचं होऊन बसतं. म्हणूनच त्या अ‍ॅस्पिरिनच्या अभ्यासात सोनोग्राफीने आठवडे नक्की केले होते. संगणकावर मात्र दोन्ही तारखा सारख्याच नीटनेटक्या दिसतात. बेंदूर हा बैलांचा सण पौर्णिमेच्या सुमारास असतो हे ठाऊक असलेल्या माणसालाच शंका येते की, सगळ्या बायकांची पाळी अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच कशी?

बाळाच्या वजनाचं घ्या. २,५०० ग्रॅमच्या आत असेल तर कमी वजनाचं. आलेख काढलात की बरोब्बर २,५०० वर एक मनोरा उभा दिसतो. काटा पन्नास-शंभर ग्रॅमच्या टप्प्यांनी दाखवतो हे एक कारण, आणि २,४६० लिहिलं तर पुढे फॉर्म वाढतो, रेफर करावं लागतं, हे दुसरं. पहिलं कारण कुठल्याही पुस्तकात मिळेल. दुसरं उपकेंद्रात सिस्टरच्या शेजारी दोन दिवस बसल्याशिवाय कळत नाही.

आणि माहेर. पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते. खानापूरची सून चंदगडला जाते, निपाणीची कागलला. तिथं राज्य बदललं, आरोग्य केंद्र बदललं, नोंदवही बदलली, फोन नवऱ्याकडे राहिला. ग्लोबल नेटवर्कच्या नोंदवहीत बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत आई आणि बाळ दोघांची खबर घ्यायची असते. ती चंदगडच्या डोंगरात असेल तर कशी घेणार? आता ह्याला सांख्यिकीची बाजू जोडा. ज्या बायकांचा पत्ता तुटतो त्या उगाच कुणीही नसतात, बहुतांश पहिलटकरीण असतात. अ‍ॅस्पिरिनच्या अभ्यासात घेतलेल्या बायकाही पहिल्या बाळंतपणाच्याच होत्या, कारण गरोदरपणातला रक्तदाबाचा आजार त्यांच्यातच जास्त. म्हणजे जिची माहिती सगळ्यात जास्त हवी, तीच हद्दीपलीकडे निघून जाते. हे ज्याला ठाऊक आहे तो आधीच माहेरचा पत्ता, भावाचा नंबर आणि तिकडच्या आशाताईंचा नंबर फॉर्मात घालतो. ज्याला ठाऊक नाही तो शेवटी 'मिसिंग' म्हणून रकाना सोडतो आणि उरलेल्यांवर सरासरी काढतो.

मुलाखतीला ही उदाहरणं घेऊन गेलात तर समोरचा माणूस खुर्चीत पुढे सरकून बसतो. 'लॉजिस्टिक रिग्रेशन येतं' असं सांगणारे त्याला रोज भेटतात.

त्याच्या जोडीला एक गणित पक्कं करा, कारण आपल्या भागातली बहुतेक कामं गावं किंवा आरोग्य केंद्रं धरून होतात, सुटी माणसं धरून नाही. एका गावातल्या बायका एकमेकींसारख्या असतात: तीच सिस्टर, तोच दवाखाना, तेच पाणी. समजा दर गावातून १०० बायका घेतल्या आणि त्यांच्यातलं साम्य, म्हणजे इंट्राक्लस्टर सहसंबंध, फक्त ०.०१ आहे. नमुना किती पटीने वाढवायचा ते असं निघतं: शंभरातून एक वजा केले की ९९, मग १ अधिक ९९ गुणिले ०.०१, म्हणजे १.९९. जिथं हजार बायका पुरल्या असत्या तिथं दोन हजार लागतात. साम्य एवढंसं, पण नमुना दुप्पट, आणि त्याबरोबर बजेटही. हे तोंडी सांगता आलं पाहिजे, आणि समोरच्या डॉक्टरला सूत्र न दाखवता पटवता आलं पाहिजे. दुसरं जास्त अवघड आहे.

आता बाजाराची चाल. कोविडनंतर, २०२१-२२ च्या सुमारास, ह्या क्षेत्रात पैशाचा पूर आला होता. वर्षाला एक नोकरी बदलून पगार दीडपट करून घेणारी मुलं मी पाहिली. २०२३ पासून ते ओसरलं. अनुभवी माणसाला अजून मागणी आहे, नवख्याला दार अरुंद झालं आहे. त्याचं एक कारण सांगायला हवं: नवखा पहिली दोन वर्षं जे करायचा, ठरलेल्या साच्यातले तक्ते काढणं, दुसऱ्याच्या प्रोग्रॅमशी ताळा करणं, ते आता बरंचसं यंत्राकडून करून घेतात. तो तक्ता चुकीचा आहे हे ओळखणारा माणूस मात्र यंत्राने अजून दिलेला नाही. बेंदराच्या तारखेचं वर सांगितलं ते ह्यासाठीच.

विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरपैकी सॅस की आर, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण पुढचा तोच असतो. नियामक संस्थेकडे जाणारं काम करणाऱ्या कंपन्यांत अजून सॅस चालतं, आर वाढत आहे. संशोधन संस्थांत आर आणि स्टाटा हे तिसरं सॉफ्टवेअर. आर आधी शिका, फुकट आहे. सॅसची विद्यार्थ्यांसाठी ऑनलाइन फुकट आवृत्ती आहे, तिच्यावर पुरेसा हात बसतो. कंपनीत जायचं असेल तर चाचण्यांचा डेटा कसा मांडायचा ह्याची सीडीआयएससीची मानकं माहीत हवीत: १७ डिसेंबर २०१६ नंतर सुरू झालेल्या अभ्यासांचा डेटा अमेरिकेचं औषध नियामक एफडीए त्याच मांडणीत मागतं. ह्यासाठी 'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणून लाख-दीड लाख घेणाऱ्या सहा महिन्यांच्या कोर्सला जाऊ नका. तुमच्याकडे एम.एस्सी. आहे. तो कोर्स ज्यांच्याकडे सांख्यिकीची पदवी नाही त्यांना विकण्यासाठी बनवलेला असतो, आणि मुलाखतीत त्यांचं काय होतं ते मी पाहिलं आहे.

सराव करायला पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातलं, २०१९-२१ चं, बेळगाव जिल्ह्याचं पत्रक घ्या. त्यातला एकेक आकडा कसा आला असेल ते शोधा. नमुन्याची वजनं, क्लस्टर, स्तर सगळं त्यात येतं. हे एक काम स्वच्छ लिहून दाखवलंत तर चार प्रमाणपत्रांपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

थीसिसच्या धंद्याबद्दलही बोलायला हवं, कारण बेळगावात राहिलात की तो तुमच्याकडे चालत येईल. एमडी-एमएस करणाऱ्या प्रत्येकाला प्रबंध लिहावा लागतो, आणि सबमिशन जवळ आलं की रात्री दहाला फोन येतो, "मॅडम, पी-व्हॅल्यू काढून द्याल का, उद्या द्यायचंय." एका प्रबंधाच्या विश्लेषणाला इकडे पाच ते पंधरा हजार मिळतात. हंगामात महिन्याच्या पगाराइतकी वरकमाई होते. करायला हरकत नाही, मीही केलं आहे. पण दोन गोष्टी पाळा. प्रबंध लिहून देऊ नका, विश्लेषण करा आणि ते त्या डॉक्टरला समजावून द्या. आणि "निकाल सिग्निफिकंट यायला पाहिजे" अशी मागणी आली की पैसे परत करून मोकळे व्हा. हे तत्त्वज्ञान म्हणून सांगत नाही. बेळगाव लहान आहे. इथल्या डॉक्टरांत तुमचं नाव एकदा 'पाहिजे तसं करून देते' असं झालं की चांगल्या प्रकल्पावर कुणी घेत नाही. खरा पैसा सिनॉप्सिसच्या, म्हणजे प्रबंधाच्या आराखड्याच्या, वेळी बोलावून नमुना ठरवून घेणाऱ्या डॉक्टरांत असतो. असे दोन-तीन मिळाले तर त्यांना धरून राहा.

परदेशी पैशाचं सांगायलाच हवं. २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशांना मदत देणारी आपली संस्था यूएसएड जवळजवळ गुंडाळली, आणि १ मेला एनआयएचने जाहीर केलं की अमेरिकन विद्यापीठामार्फत परदेशी संस्थेला पोटकराराने पैसे द्यायची जुनी पद्धत बंद होऊन नवी रचना येणार. आपल्या भागातलं बरंच मोठं काम अशाच वाटेने आलेलं आहे. म्हणून मुलाखतीच्या शेवटी "काही विचारायचंय का?" म्हणाले की लाजू नका. पैसा कुणाचा आहे, मंजुरी कुठल्या तारखेपर्यंत आहे, आत्ता त्यातलं कितवं वर्ष चालू आहे, आणि प्रकल्प आधी संपला तर नोटीस किती, हे चारही विचारा. मला एका ठिकाणी प्रकल्प महिनाअखेरीला बंद होतोय हे वीस तारखेला कळलं होतं. चांगली संस्था ह्या प्रश्नांनी रागावत नाही. आयसीएमआर किंवा भारतातल्याच दुसऱ्या निधीवरचा प्रकल्प असेल तर पगार ठरलेल्या दरानेच मिळेल, पण शेवटची तारीख जास्त भरवशाची.

जागा कुठे निघतील हे आधी कळायचा एक मार्ग फार कमी लोक वापरतात. भारतातल्या क्लिनिकल ट्रायल्सची नोंद सीटीआरआय ह्या सरकारी नोंदवहीत होते, १५ जून २००९ पासून ती सक्तीची आहे आणि कुणालाही फुकट पाहता येते. तिथं बेळगाव, धारवाड, कोल्हापूर टाकून शोधा. कुठल्या हॉस्पिटलात कुठली चाचणी, प्रमुख डॉक्टर कोण, पैसा कुणाचा, किती रुग्ण घ्यायचे, किती वर्षं, सगळं लिहिलेलं असतं. ज्या अभ्यासाची नोंद झाली आहे पण रुग्ण घेणं अजून सुरू व्हायचं आहे, त्याला महिना-दोन महिन्यांत माणसं लागणार. जाहिरातीची वाट बघू नका, त्या विभागात जाऊन बायोडाटा देऊन या. आपल्याकडे समोर येऊन गेलेला माणूस लक्षात राहतो.

भाषेचं सांगतो, आणि हे जरा स्पष्ट सांगतो. खानापूर, निपाणी, बेळगावच्या पश्चिमेकडची गावं मराठी. बैलहोंगल, गोकाक, रामदुर्ग, सौंदत्ती कन्नड. चिकोडीत दोन्ही. संमतिपत्र दोन्ही भाषांत तयार होतं, नैतिकता समिती दोन्ही तपासते, आणि फील्डवरून आलेला फॉर्म ज्याला दोन्ही भाषांत वाचता येतो तो माणूस प्रकल्पाला सोन्यासारखा. मराठी माध्यमातल्या आपल्या पोरांचं कन्नड बोलण्यापुरतं असतं, लिहिता-वाचता येत नाही. सहा महिने घालून ते करा. अस्मितेचा प्रश्न त्याच्या जागी, हा पोटाचा प्रश्न आहे. पुढे कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या सांख्यिकी खात्यातल्या जागांना कन्नडची परीक्षा पास व्हावीच लागते. उलट महाराष्ट्राने दावा केलेल्या ८६५ गावांत तुमचं गाव असेल आणि तिथं पंधरा वर्षांचं वास्तव्य दाखवता आलं, तर महाराष्ट्राच्या सरकारी जागांनाही अर्ज करता येतो. दोन्हीकडची दारं उघडी असलेले उमेदवार फार नाहीत. यूपीएससीची इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिस वेगळीच: ५६,१०० मूळ पगारापासून सुरुवात, पण जागा मोजक्या आणि अभ्यास दोन वर्षांचा. बुद्धी आणि घरचं पाठबळ दोन्ही असेल तरच.

राहिली पीएच.डी. कंपनीत जायचं असेल तर सुरुवातीला तिची गरज नाही; एम.एस्सी. आणि चार वर्षांचा अनुभव पीएच.डी. नवख्यापेक्षा जास्त पगार आणतो. शिकवायचं असेल किंवा स्वतःच्या नावावर प्रकल्प आणायचा असेल तर हवीच, पण फेलोशिप मिळवून, पूर्णवेळ, जिथं मार्गदर्शक स्वतः चाचण्यांची रचना करतो अशा ठिकाणी. मुंबईची आयआयपीएस, वेल्लोरचं सीएमसी, मणिपाल, बेंगळुरूचं निमहान्स ही नावं आधी बघा. नोकरी सांभाळून पार्टटाइम, कुणाच्यातरी जुन्या डेटावर, पाच-सात वर्षं रखडत केलेल्या पीएच.डी.ने पगारात किती भर पडते हे मला बऱ्याच जणांनी विचारलं आहे. कॉलेजच्या नोकरीत एक पायरी, बाहेर जवळपास काही नाही.